मुंबई बंदरात शिडाची होडी शिकायची आहे? आधी तिथी बघा

गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलं की डावी-उजवीकडे चार-दोन पांढरी शिडं दिसतात. आपण फोटो काढतो, 'बड्या लोकांचे शौक' म्हणतो आणि वेफर्सचं पाकीट उघडतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग चव्वेचाळिसाव्या वर्षी, मुलगी हॉस्टेलला गेली आणि रविवार मोकळे पडले तेव्हा, चौकशी करायला गेले. कुणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं. ज्याला त्याला वाटायचं की हे सगळं मला माहीतच असणार. पहिल्या दोन हंगामांत मी जे धक्के खाल्ले ते तुम्हाला खावे लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

हे सगळं मुंबई बंदरापुरतं आहे, म्हणजे कुलाब्याच्या पूर्वेचं, गेटवेपासून उरण-करंजापर्यंतचं पाणी. मालवण किंवा गोव्याचा समुद्र वेगळा, तिथले वारे आणि खडक वेगळे. तिथे तिथल्याच माणसांना विचारा.

१. हंगाम ओळखा

शिडाच्या होड्या साधारण ऑक्टोबर ते मे पाण्यात असतात. पावसाळ्यात त्या वर काढून, झाकून ठेवतात. जूनमध्ये उत्साहाने चौकशीला गेलात तर ताडपत्र्या बघून परत याल. शिकायला सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन सुसह्य, वारा बेताचा, पाणी शांत. मार्चनंतर दुपारचा वारा जोर धरतो. ज्याला येतं त्याला तो आवडतो, नवख्याची दमछाक होते. सप्टेंबरातच नाव नोंदवा, कारण हिवाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात.

२. जागा निवडा

अपोलो बंदरावरचा, म्हणजे जुन्या लोकांच्या पालवा बंदरावरचा, रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा आहे. जवळच कुलाबा सेलिंग क्लब आहे. याशिवाय खासगी प्रशिक्षण देणारेही आहेत. इथला पहिला गैरसमज म्हणजे शिकायचं तर आधी क्लबचं सभासदत्व हवं. सभासदत्व आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभासदत्वाला शिफारस लागते, पैसा लागतो आणि धीरही लागतो. प्रशिक्षण बऱ्याचदा बाहेरच्यांनाही मिळतं, फक्त तसं स्पष्ट विचारावं लागतं.

फी विचारण्याआधी हे विचारा: पाण्यात असताना सोबत इंजिनाची बचाव-बोट असते का? एका होडीत किती शिकाऊ बसवता? वारा नसल्यामुळे दिवस वाया गेला तर बदली दिवस मिळतो का? पहिल्या प्रश्नावर समोरचा 'अहो, काही होत नाही' म्हणाला तर नमस्कार करून निघा.

होड्यांचे ढोबळ दोन प्रकार भेटतील. डिंगी म्हणजे छोटी, हलकी, एक-दोन माणसांची. ती उलटते, आणि उलटली तर सरळही करता येते. दुसरी कीलबोट. हिच्या तळाला कील, म्हणजे खाली पाण्यात उतरलेलं जड पातं, असते, त्यामुळे ती सहसा उलटत नाही. मुंबईत सीबर्ड जातीच्या जुन्या लाकडी कीलबोटी अजून चालतात, आणि दिसतातही देखण्या. माझं मत विचाराल तर सुरुवात डिंगीत करावी. कपडे भिजतात, गुडघे फुटतात, पण चूक केली की होडी तिथल्या तिथे सांगते. कीलबोट तुमच्या चुका पोटात घालते, आणि म्हणून त्या सुटत नाहीत.

३. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फोल्डरात हे ठेवा:

– आधार कार्ड आणि त्याच्या दोन प्रती
– पासपोर्ट आकाराचे चार फोटो
– डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र (दमा, फिट्स, हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका)
– पोहता येत असल्याचा दाखला. नसेल तर तलावात त्यांच्यासमोर पोहून दाखवायची तयारी
– अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र
– जोखीम स्वतःची असल्याचं हमीपत्र. हे छापील असतं, पण सही करण्याआधी वाचा

मूळ ओळखपत्र किंवा त्याची लॅमिनेट केलेली प्रत प्रत्येक वेळी अंगावर हवी. नोव्हेंबर २००८ मध्ये हल्लेखोर कुलाब्याच्या किनाऱ्यावर रबरी होडीतून उतरले. त्यानंतर इथल्या पाण्यात कोण फिरतं याची विचारपूस होते, आणि ती व्हायलाच हवी. गस्तीची बोट जवळ आली तर शीड सैल सोडा, थांबा, नीट उत्तर द्या.

४. सामान

दुकानात जाऊन शौकिनासारखी खरेदी करू नका. मी केली. त्यातले परदेशी बनावटीचे बूट आजही कपाटात नवेकोरे आहेत. सुती जीन्स नको, भिजली की दगड होते. अंगाला बसणारे, लवकर वाळणारे, लांब बाह्यांचे कपडे घाला. मऊ रबरी तळाचे जुने बूट लागतात, अनवाणी मुळीच नको. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर हिरवं शेवाळ असतं आणि कडेला कालवं. शेवाळ पाडतं आणि कालवं कापतात. माझी पहिली जखम होडीत नाही, पायरीवर झाली. बंदराचं पाणी काही स्वच्छ नाही, तेव्हा जखम लगेच धुऊन घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा.

टोपीला आणि चष्म्याला दोरी बांधा. दोरांमुळे तळहात सोलतात, म्हणून हातमोजे. दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, गळ्यात शिट्टी. पोळीचा रोल भेळेपेक्षा बरा, हे सांगायला नको होतं, पण मी वाऱ्यात उडणारे कुरमुरे पाहिले आहेत.

लाईफजॅकेट क्लब देतो. ते घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेक माणसं गेली, ती याच पाण्यात. लाईफजॅकेट होडीत असणं आणि अंगावर असणं यात किती अंतर आहे, हे त्यानंतर मला कुणाला समजावावं लागलेलं नाही.

५. भरती-ओहोटी: इथे घाई करू नका

सगळे वाऱ्याबद्दल बोलतात. मुंबई बंदरात वाऱ्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, पाणी शिकावं लागतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. एवढं पाणी सहा तासांत बंदरात शिरतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जातं. शिरताना उत्तर-ईशान्येकडे, जाताना दक्षिणेला उघड्या समुद्राकडे. हलक्या वाऱ्यात तुमच्या होडीचा वेग या प्रवाहाहून कमी असू शकतो. म्हणजे शीड भरलेलं, होडीच्या पोटाशी पाणी खळखळतंय, आणि गेटवे मात्र लांब लांब जातोय.

कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत चालत आलेला हिशेब पाठ करा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटी त्याच्या सहा तास पुढे-मागे. यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक निघते, म्हणून पक्क्या वेळेसाठी भरतीचं छापील कोष्टक बघाच. (समुद्राचे नकाशे आणि भरतीची कोष्टकं दोन्ही डेहराडूनहून निघतात. हिमालयाच्या पायथ्याशी! मला अजून गंमत वाटते.) पण घरच्या कालनिर्णयावर नजर टाकून 'आज दुपारी पाणी बाहेर ओढणार' एवढं कळणं फार मोठी गोष्ट आहे.

दुसरा हिशेब बाराव्या हिश्श्याचा. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटरच्या उधाणाला मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर पाणी उतरतं. प्रवाहाचा खरा जोर तेव्हा असतो.

मी हे कसं शिकले ते सांगते. जानेवारीतली अमावास्या होती. आम्ही तिघं, जेमतेम शिकलेली, सकाळी साडेनऊला निघालो. ईशान्येचा छान मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा पाठीशी होता, दक्षिणेला संक रॉकच्या दीपस्तंभाकडे मजेत गेलो. भरतीचं पाणी समोरून येत होतं, ते आम्हाला जाणवलंही नाही. बाराच्या सुमाराला वारा पडला. अगदी पडला, शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. आणि त्याच वेळी पाणी फिरलं. आम्ही प्राँग्सच्या दीपस्तंभाच्या दिशेने, उघड्या समुद्राकडे सरकू लागलो. एकच वल्हं होतं. नांगर होता, पण त्याचा दोर बांधायचा राहिला होता. (हो, खरंच.) शेवटी एका मच्छीमार बोटीने आम्हाला ओढून आणलं. तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, काही बोलला नाही, फक्त दोर सोडताना म्हणाला, "अवसेला दुपारी कोण जातो भाईर?" पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या रविवारी मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाला, पेढे ठेवा, नांगराला दोर बांधा.

म्हणून निघण्याआधी परतीचा हिशेब करायचा. जाताना पाण्यावर चढत जा, येताना पाणी तुम्हाला आणू दे. दक्षिणेला जाणार असाल तर परतताना भरती हवी. नवशिक्यासाठी माझा आवडता दिवस म्हणजे अष्टमीच्या आसपासची दुपार. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असतात, प्रवाह मंद असतो, आणि साधारण बारापासून सहापर्यंत पाणी आत येत असतं. चूक झाली तरी समुद्रात जात नाही, घराकडे येता.

पाणी कुठे चाललंय हे बघायला यंत्र लागत नाही. नांगरलेल्या होड्यांची तोंडं बघा. ओहोटीच्या ओढीत त्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उत्तरेकडे वळलेली असते, भरतीत दक्षिणेकडे. बोयाच्या, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेच्या, एका बाजूला पाणी फुगतं आणि दुसऱ्या बाजूला शेपटी निघते, ती शेपटी प्रवाहाची दिशा.

६. वारा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? परीक्षेनंतर ते इथे उपयोगी पडतात. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा उरण-पनवेलच्या बाजूने येतो. दुपारी एक-दोनच्या सुमाराला वायव्येचा खारा वारा सुरू होतो. मधला तास-दीड तास बऱ्याचदा निर्वात. तेव्हा लांब असू नका, जवळपास थांबून डबा खा.

आता एक गोम. बंदर कुलाब्याच्या पूर्वेला आहे, म्हणून दुपारचा वारा शहरावरून येतो. ताजच्या आणि आजूबाजूच्या इमारतींमधून तो फाटून येतो, कधी काहीच नाही, कधी एकदम झपाटा. किनाऱ्याजवळ लाटा नसतात म्हणून नवख्याला वाटतं, आज हवा सौम्य आहे. आणखी आत जाल तसा वारा भरत जातो. आणि तो तुम्हाला किनाऱ्यापासून दूर ढकलणारा असतो. परत यायला वाऱ्यावर चढत, नागमोडी यावं लागतं. जायला वीस मिनिटं लागली तर यायला तास धरा.

७. होडीत पहिले काही दिवस

पहिल्या दिवशी नावांनीच डोकं फिरेल. दोर म्हणून हाक मारली तर कुणी ऐकणार नाही, इथे प्रत्येक दोराला नाव आहे. शीड आत-बाहेर करणारा तो शीट, वर चढवणारा तो हॅलिअर्ड. डोलकाठीला आडवा जोडलेला दांडा म्हणजे बूम. बूमकडे सतत लक्ष. वारा पाठीमागून असताना दिशा बदलली, म्हणजे जाइब केली, की बूम सपकन या बाजूहून त्या बाजूला जातो. मधे डोकं असलं तर टेंगूळ स्वस्तात सुटल्यासारखं समजा. सुकाणूवर असाल तर आधी ओरडून सांगा, सगळे वाकले की मग वळवा.

घाबरलात तर करायची गोष्ट एकच: शीट सोडा. शीड फडफडेल, भयंकर आवाज होईल, पण होडी थांबेल. आपली उपजत वृत्ती दोर घट्ट धरायची असते. तीच मोडायला मला महिना लागला.

होडी उलटवून सरळ करायचा सराव तुम्ही मागून घ्या, कुणी टाळत असेल तरी. उलटली की आधी माणसं मोजा. मग शीट मोकळी आहे ना बघा. एकाने नाळेपाशी धरून तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, दुसऱ्याने तळाच्या फळीवर उभं राहून मागे झुकायचं. तोंड मिटून ठेवा, कारण पाणी कसलं आहे ते वर सांगितलं आहेच. होडी सरळ झाली नाही तरी तिला सोडून पोहत किनारा गाठायला जाऊ नका. उलटलेली होडी लांबून दिसते. पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही.

गाठी तीनच शिका, पण डोळे मिटून येऊ देत: आठाची गाठ, बोलाइन, आणि खुंटाला किंवा कठड्याला बांधायची गाठ.

८. बंदरातले शेजारी

नियम असा की इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी. व्यवहार असा की घारापुरी आणि मांडव्याच्या लाँचेसना वेळापत्रक असतं. वाद घालू नका. मोठं जहाज मार्गिकेत असेल तर तिथे नियमही तुमच्या बाजूने नाही, कारण त्याला थांबता किंवा वळता येत नाही. त्याने पाच आखूड भोंगे दिले तर अर्थ असा, की तुमचं काय चाललंय ते त्याला कळत नाहीये. लगेच, ठळकपणे, बाजूला व्हा. दोन शिडाच्या होड्यांत वारा उजव्या अंगाने घेणारीचा हक्क. बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हाताला, हिरवे उजव्या हाताला.

नौदलाची गोदी आणि जहाजं, तेलाचं जवाहर द्वीप, तुर्भ्याचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, मिडल ग्राउंड बेट – इथून लांब राहा, आणि तिकडे कॅमेरा रोखू नका. 'वारा तिकडे घेऊन गेला' हे कारण खरं असलं तरी ते तुम्हाला तासभर समजावत बसावं लागेल.

आणि जाळी. खुंटांना बांधलेली डोल जाळी थर्माकोलच्या तुकड्यांवरून, डब्यांवरून, काठीवरच्या फडक्यांवरून ओळखता येतात. दोन खुणांच्या मधून जायचं नाही, पूर्ण वळसा घालायचा. अडकलात तर सुरी काढू नका. शीड उतरवा, कीलवरून जाळं सोडवा. आपल्यासाठी तो रविवार आहे, जाळ्याच्या मालकासाठी ते पोट आहे.

९. अडचणीत कुणाला हाक मारायची

किनाऱ्यावर एका माणसाला सांगून निघा: किती जण, कोणती होडी, किती वाजता परत. आल्यावर त्याला कळवा, नाहीतर पुढच्या वेळी तो गांभीर्याने घेणार नाही. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४. होडीत व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. तो वापरायचा परवाना कुणाकडे आहे हे आधी विचारून ठेवा. मोबाइल बंदरात चालतो, पण ओल्या बोटांनी तो उघडत नाही. घरी बादलीत हात बुडवून एकदा करून बघा.

१०. होडी विकत घेण्याचा मोह

तो साधारण चौथ्या महिन्यात होतो. कुणीतरी सभासद होडी 'देऊन टाकतो' म्हणतो, रक्कम जुन्या स्कूटरएवढी असते, आणि आपण रात्री जागून तिचं नाव ठरवतो. थांबा. किमतीचा भाग सगळ्यात लहान असतो. नांगरायची जागा, खलाशाचा पगार, पावसाळ्याआधी वर काढणं, तळ खरवडून रंगवणं, शिडाची शिवण, विमा, हे दरवर्षीचं आहे. इंजिन असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी आणि तपासणीचे कागद बघा. नांगरायच्या जागेला कुणाची परवानगी आहे, आणि ती तुमच्या नावावर होणार का, हे लेखी घ्या. होडी बघायला मे महिन्यात जाऊ नका, तेव्हा सगळ्याच विक्रीला असतात आणि रंगवलेल्या असतात. ऑक्टोबरात, पावसाळा काढल्यावर जा. लाकडी असेल तर तळाच्या फळ्यांत बोथट स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर चहा पिऊन परत या.

पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या होडीवर हात साफ करा. शर्यतींना माणसं कमी पडतात. शनिवारी सकाळी वेळेवर धक्क्यावर उभं राहणाऱ्याला, बडबड न करणाऱ्याला आणि शर्यतीनंतर दोर गोड्या पाण्याने धुऊन, गुंडाळून ठेवणाऱ्याला पुढच्या आठवड्याचं बोलावणं येतंच.